व्हिटॅमिनच्या पॅकेजसाठी मुलीची गुंतवणूक थांबवू का?

प्रश्न: घरात आम्ही तीन मोठी माणसं. मी ४३ वर्षांची, तब्येतीची तक्रार नाही. नवरा नऊ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. आई ७१ वर्षांची, शाकाहारी, ॲसिडिटीची गोळी कित्येक वर्षं रोज. हल्ली पायांना मुंग्या येतात म्हणते. एका लॅबचं पॅकेज आहे: तिघांच्या सगळ्या १३ व्हिटॅमिनच्या तपासण्या, दर तीन महिन्यांनी. तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरले तर ४० टक्के सूट. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची मासिक गुंतवणूक वर्षभर थांबवावी लागेल. घेऊ का?

उत्तर: गुंतवणूक थांबवू नका, पॅकेज घेऊ नका, आणि आईला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. घाई करायचीच असेल तर ती या शेवटच्या कामाची करा.

आधी सवलतीचा हिशेब. तीन वर्षांत १२ फेऱ्या. ४० टक्के सूट धरूनही सातहून जास्त फेऱ्यांचे पूर्ण पैसे आजच हातातून जातात. म्हणजे निदान आठ फेऱ्या खरोखर लागणार असतील तरच ही सूट म्हणायची. तेवढ्या लागतात का?

नवऱ्यामुळे एचबीएवनसी ही साखरेची रक्ततपासणी तुमच्या परिचयाची असणार. ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तिच्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते. ‘दर तीन महिन्यांनी’ म्हटलं की आपल्याला तेच आठवतं आणि पटतं. पण प्रत्येक व्हिटॅमिनचं घड्याळ वेगळं चालतं. तांबड्या पेशींतलं फोलेट, म्हणजे बी९, मोजलं तर मागचे तीन-चार महिने दिसतात. सीरममधलं, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवातलं, मोजलं तर अलीकडचं खाणं. व्हिटॅमिन के जवळपास कालच्या ताटाचीच नोंद देतं. व्हिटॅमिन एची तऱ्हा उलटी. यकृत आपल्या साठ्यातून ते रक्तात सोडत राहतं, त्यामुळे साठा तळाला जाईपर्यंत रिपोर्टातला आकडा फारसा हलत नाही. मुदत ठेवी मोडून चालू खातं भरत राहावं आणि पासबुक बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटावं, तसं हे आहे.

बी१२चा साठा शरीरात साधारण २ ते ५ मिलिग्रॅम, रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम. चांगला भरलेला साठा काही वर्षं पुरतो. तो दर तीन महिन्यांनी मोजून काय हाती लागणार? व्हिटॅमिन डीसाठी २५-हायड्रॉक्सी, म्हणजे रक्तात फिरणारं त्याचं मुख्य रूप मोजणारी तपासणी खरी उपयोगाची, कारण रक्तातलं ते प्रमाण निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. डॉक्टरांनी डोस सुरू केला किंवा बदलला, तर सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करण्यात अर्थ आहे. निरोगी प्रौढांनी मात्र ती सरसकट करू नये, असं एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये सुचवलं आहे. तेव्हा तुमच्या स्वतःच्या नावावर सध्या शून्य खर्च.

माहितीपत्रकात न छापलेला एक खर्च आहे, तो रिपोर्टातल्या ठळक अक्षरांचा. बऱ्याच तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशी आखलेली असते. तिघांचे १३ म्हणजे एका फेरीत ३९ आकडे. या हिशेबाने काहीही बिघडलेलं नसताना सरासरी दोनेक आकडे ठळक छापून येतील. मग पुन्हा तपासणी, डॉक्टरांची फी, नव्या गोळ्या. मी स्वतः यात सापडलोय. केस गळतात म्हणून बायोटिन या बी गटातल्या व्हिटॅमिनच्या भारी डोसाच्या गोळ्या घेत होतो, आणि हौसेने केलेल्या तपासणीत टीएसएच हा थायरॉइडचा आकडा एकदम खाली आला. थायरॉइड बिघडलं म्हणून दोन आठवडे झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून पुन्हा रक्त द्यायला लावलं, तर सगळं ठीक. बायोटिनमुळे काही चाचण्यांचे आकडे चुकतात, हे रक्त घेताना मला कोणी विचारलंच नव्हतं. त्या फुकाच्या काळजीत जेवढे पैसे गेले, तेवढ्यात मूळ तपासणी तीनदा झाली असती.

आता आई. शाकाहार, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी आणि पायांना मुंग्या, या तिन्हींचा बी१२च्या कमतरतेशी संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टर ते बघायला सांगतील असं मला वाटतं. आकडा काठावर आला तर बी१२ कमी पडल्यावर वाढणारं मिथाइलमॅलोनिक ॲसिडही ते मोजायला सांगू शकतात. तपासणीचं रक्त देईपर्यंत घरातल्या बी१२च्या गोळ्या तिला देऊ नका. त्यांनी रक्तातला आकडा वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते. नवऱ्याचं असं, की मेटफॉर्मिनने बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून ते दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी१२ अधूनमधून तपासावं असा वैद्यकीय सल्ला आहेच. किती दिवसांनी, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पुढच्या एचबीएवनसीबरोबर एकाच टोचणीत होऊन जाईल.

म्हणजे वर्षाला दोघांच्या मोजक्या तपासण्या. लॅबकडून त्यांचा सुटा दर घ्या, येणाऱ्या रकमेला बाराने भागा आणि तेवढे दरमहा बचत खात्यात वेगळे टाका. मुलीच्या गुंतवणुकीला हात लावायची वेळ येणार नाही.

लॅब शक्यतो बदलू नका, आणि आकड्यापुढचं एककही वहीत लिहा. व्हिटॅमिन डी कुठे नॅनोग्रॅममध्ये छापतात, कुठे नॅनोमोलमध्ये. एकीकडचे २० ते दुसरीकडचे ५०. माझ्या एका अशिलाने ही ‘वाढ’ बघून गोळ्या बंद केल्या होत्या.