आजोबांचा यशिका मॅट 124जी कॅमेरा मिळाला आहे. लेदर केसमध्ये घालून शोकेसमध्ये ठेवला तर चालेल का? संग्रह वाढवायचा तर पुढचा कोणता घ्यावा?

नाही, चालणार नाही. केस आजच काढा आणि वेगळ्या कपाटात ठेवा. टाकू नका, विकायची वेळ आली तर तिचेही पैसे येतात. पण कॅमेऱ्याच्या अंगावर ती नको. चामडं हवेतली ओल पितं आणि धरून ठेवतं, आतलं मखमली अस्तर त्याहून जास्त. अंधार, ओल आणि कोंडलेली हवा, फंगसला, म्हणजे बुरशीला, याहून जास्त काही लागत नाही. तुम्ही ठाण्याचे. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते, आणि 65-70च्या वर गेली की फंगस धरायला लागतो.

पुढचं लांबणार आहे, कारण तुम्ही नेमका आमच्या घरातल्या भांडणाचा विषय काढलात.

माझ्या काकांचा रत्नागिरीत स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं एका रोलिकॉर्ड फाइव्ह-बी या डबल लेन्सच्या कॅमेऱ्यावर: वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. रोलिफ्लेक्स परवडत नव्हता म्हणून रोलिकॉर्ड; कंपनी तीच, ब्राउनश्वाइगची फ्रांके उंड हायडेके. रोलिफ्लेक्ससारखं हँडल नाही, गोल बटण फिरवून रोल पुढे न्यायचा. शटर वेगळं चढवायचं, म्हणजे स्प्रिंग ताणून फोटोसाठी तयार करायचं: लेन्सखालची खटकी एका बाजूला नेली की चढतं, दुसऱ्या बाजूला नेली की सुटतं. लेन्स श्नायडरची झेनार, 75 एमएम. मांडवात काका मान खाली घालून कॅमेऱ्यात बघायचे आणि हातांनी लोकांना सरकवायचे. वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, पण त्यांचा हात कधी चुकीच्या बाजूला गेलेला मी पाहिला नाही. 12 फोटोंच्या रोलमध्ये अख्खी मुंज बसवायचे.

काका गेल्यावर कॅमेरा चुलतभावाकडे आला. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादाने हॉलमध्ये काचेचं शोकेस करून घेतलं, आत पिवळा दिवा, कॅमेरा लेदर केससकट, केसचं तोंड तेवढं उघडं, शेजारी काकांचा हार घातलेला फोटो. मी म्हटलं, मला दे, मी रोल घालतो. दादा म्हणाला, "वापरून वाट लावशील. अँटिक पीस आहे." दर गणपतीत हा वाद व्हायचा. वहिनी मोदकांचं ताट पुढे करायच्या तेव्हा कुठे थांबायचा.

मधल्या काळात कुणी पाहुण्याने शटर दाबून बघितलं, ते हललं नाही. दादाने कॅमेरा गावातल्या एका घड्याळवाल्याकडे दिला. त्या गृहस्थाने शटरमध्ये तेल सोडलं. लीफ शटरची पाती कोरडीच चालावी लागतात. ती कागदासारखी पातळ असतात आणि एकमेकांवरून घसरतात. मध्ये तेलाचा थेंब गेला की चिकटून बसतात. दोन दिवस शटर चाललं म्हणे, मग कायमचं बसलं. दादाचं म्हणणं, "नाहीतरी शोभेचाच आहे." पुढच्या गणपतीत मी टॉर्च मागितला आणि लेन्सवर समोरून तिरका उजेड टाकला. खालच्या लेन्समध्ये कोळ्याने जाळं विणावं तसा फंगस. दादा बराच वेळ काही बोलला नाही. निघताना कॅमेरा त्याने स्वतः माझ्या पिशवीत ठेवला.

फोर्टात बोरा बझारला अजून जुने मेकॅनिक बसतात. मी ज्यांच्याकडे गेलो त्या चाचांनी आधी लेन्स खोललीच नाही, नुसती उजेडात फिरवून फंगस कुठल्या पृष्ठभागावर आहे ते पाहिलं. हे फार महत्त्वाचं आहे. झेनारमध्ये 4 भिंगं असतात, मागची 2 एकमेकांना चिकटवलेली. फंगस त्या जोडाच्या मध्ये असता तर लेन्स जवळजवळ गेलीच समजायची. आमचा पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला होता. पुसून निघाला, पण फंगस आम्ल सोडतो, त्याने कोटिंग खाल्लेल्या रेषा राहिल्या त्या राहिल्या. शटर त्यांनी लायटरच्या पेट्रोलने पुन्हा पुन्हा धुतलं, पाती कोरडी खडखडीत होईपर्यंत. तेल फक्त एक सेकंद, अर्धा सेकंद मोजणाऱ्या चाकांच्या टोकांना, सुईच्या अग्रावरून. आरशाचा पारा कडेने काळा पडला होता, तो बदलला. या आरशाला पारा वरच्या अंगाला असतो, रुमालाने पुसाल तर पारा रुमालावर येईल.

मग त्यांनी ते केलं जे निम्मे मेकॅनिक करत नाहीत. मागचं दार उघडून रोल जिथून सरकतो त्या पट्ट्यांवर दुधी काच ठेवली, शटर बीवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं ठेवलं, ॲपर्चर पूर्ण उघडलं आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर फोकस केला. वरच्या लेन्समध्ये टाकी स्पष्ट, तेव्हाच खालच्या लेन्समध्येही स्पष्ट हवी. डबल लेन्सच्या कॅमेऱ्याला कुणी हात लावला असेल तर हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. घरी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला आणि भिंगातून पाहिलं तरी कळतं.

त्या वर्षी गणपतीत मी एचपी5 या कृष्णधवल फिल्मचा रोल घातला आणि आरतीनंतर सगळ्यांचा फोटो काढला. दादाने प्रिंट उजेडात धरली, आजीच्या नथीतले मोती मोजले, आणि म्हणाला, "फोटो चांगला आहे. पण आरसा बदललास ना? अँटिक व्हॅल्यू गेली."

या अँटिक व्हॅल्यूबद्दल माझं मत सांगतो. आपल्या घरांत निघणारे यशिका, रोलिकॉर्ड, आगफा क्लिक हे कारखान्यात ढिगाने तयार झालेले कॅमेरे आहेत. बंद पडलेल्यापेक्षा चालणाऱ्याला जास्त भाव मिळतो, हा बाजाराचा साधा हिशोब. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी रोलिफ्लेक्स हातात घेऊन दिल्ली टिपली, तो शोकेसमध्ये ठेवून नाही. कॅमेरे कपाटात भरून ठेवणारे आणि दर महिन्याला काढून प्रत्येकाचं शटर चालवणारे, यातल्या दुसऱ्यांनाच मी संग्राहक म्हणतो.

आता तुमचा 124जी. हुड, म्हणजे वरचं घडीचं झाकण, उघडलं की मीटर (उजेड मोजणारा) चालू होतो, म्हणून ठेवताना हुड बंद. त्याचा मूळ सेल पाऱ्याचा, 1.35 व्होल्टचा, आता बनत नाही. त्याच मापाचा अल्कलाइन 1.5 व्होल्टचा असतो, रीडिंग चुकतं. श्रवणयंत्राचा 675 नंबरचा सेल रिंग लावून बसवा, काम होतं. नाहीतर मीटर विसरा, फोनचा वापरा. आत फिल्म दाबणारी काळी पाटी 120वर, म्हणजे 12 फोटोंच्या रोलच्या खुणेवर, सरकवलेली आहे ना बघा. 220चे, म्हणजे 24 फोटोंचे, रोल आता सहसा मिळत नाहीत. हँडल पुढे अडेपर्यंत फिरवायचं, मग उलटं परत आणायचं, तेव्हा शटर चढतं. अडलं तर जोर लावू नका. सेल्फ टायमरला हातच लावू नका, जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यावर अडकला की शटरही अडकतं. दाराच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर खरवडून नवा लावा.

ठेवायचं कुठे? स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50मध्ये हवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवा. तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भुकटी आत जाते. डांबरगोळ्याही नकोत. आणि शटर चढवलेलं ठेवू नका.

पुढचा कोणता घ्यावा, हे राहिलंच. रोलिकॉर्ड घ्या, अर्थातच. मामिया सी330ची लेन्स बदलता येते, पण वजन बघून घ्या. लुबिटेल स्वस्त आहे आणि फोकसच्या काचेत बघताना डोळे दुखतात. निव्वळ मजेसाठी आगफा क्लिक थ्री, आपल्या बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. कोडॅकचा एखादा सुंदर बॉक्स कॅमेरा दिसला तर 620चा नाही ना हे आधी पाहा, त्याची रीळ बारीक असते आणि आजचा 120चा रोल तसाच बसत नाही. हॅसलब्लाड पहिल्या वर्षी नको.

दोन गोष्टी मघाशी सांगायच्या राहिल्या. शटर चढवून ठेवू नका हे हॅसलब्लाडला लागू नाही; तिथे लेन्स काढता-लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या लागतात, नाहीतर अडकतात. आणि कोटिंगवर रेषा राहिलेली लेन्स उजेडाकडे तोंड करून फोटो काढताना धुरकट होते. आमच्या रोलिकॉर्डचीही होते. दादाला हे अजून माहीत नाही, पण तो इथलं वाचत असतो, आता कळेल. तर दादा, काकांचा यशिका 635 तुझ्या माळ्यावर आहे, तोही लेदर केसमध्येच. पावसाच्या आत पाठव. कुरिअरचे पैसे मी देतो.