कलमं विकू नको: जर्मनीला निघालेल्या देवगडच्या गिटारवाल्याला

तू लिहिलंस की तू देवगडचा, वय सत्तावीस. दिवाळीनंतर गोव्यात शॅकवर गिटार वाजवतोस, पाऊस तोंडावर आला की शॅक उतरतात आणि तू घरी येतोस. आता हापूसच्या कलमांतला तुझा वाटा भावाला विकायचा, त्या पैशावर जर्मनी गाठायची आणि तिथे फक्त ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं लोकसंगीत, वाजवायचा, असं तुझ्या मनात आहे. ‘दादा, ब्लूजवर पोट भरतं का?’ असं विचारलंस. मी वेंगुर्ल्याचा. २०१४ पासून जर्मनीत हॅनोव्हरला आहे. कुठल्या कंपनीशी करार नाही, मॅनेजर नाही; कार्यक्रम मीच ठरवतो, रेकॉर्ड मीच काढतो. तेव्हा माझ्यापुरतं जे खरं आहे ते सविस्तर सांगतो.

पोट भरतं. पण नुसत्या वाजवण्यावर माझं एकही वर्ष निभावलेलं नाही. महिन्याला सहा-सात कार्यक्रम, आठवड्याला अकरा शिकवण्या, एका छोट्या नाटक मंडळीचं संगीत आणि कार्यक्रमानंतर टेबलावर विकल्या जाणाऱ्या सीडी, असं सगळं मिळून घर चालतं. पबमध्ये टोपी फिरते. बरी रात्र असली तर तिच्यात दीडशे युरो पडतात, पाऊस असला तर साठ. स्ट्रीमिंगच्या भरवशावर तर अजिबात राहू नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत, तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. बॅंडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापले जातात, पण उरलेले बहुतेक हातात येतात. माझी रेकॉर्ड घेणारे तीनशे-साडेतीनशे लोक आहेत, त्यांतले निम्मेअधिक तिथलेच.

हे ऐकून तू हिरमुसशील, म्हणून थोडं मागचं सांगतो. ब्लूजचे गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांचं रेकॉर्डिंग १९२८ मध्ये झालं. पुढच्याच वर्षी मंदी आली, रेकॉर्ड विकेनाशा झाल्या आणि ते अ‍ॅव्हलॉनमध्ये, आपल्या गावी, शेतावर राबत राहिले. १९६३ मध्ये शोधत लोक आले तेव्हाही त्यांची बोटं तशीच चालत होती. ब्लूजचेच दिग्गज मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आले, तेव्हा दिवसा ट्रक चालवत आणि रात्री वाजवत. ही माणसं ब्लूजला कमी पडली असं कोण म्हणेल?

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? माझे मामा दशावतारात पेटी वाजवायचे. जत्रेची रात्र संपून पहाटे दहीकाला झाला की मंडळी पुढच्या गावाला. मिरगाच्या आधी पेटारा घरी यायचा आणि रात्रभर पेटीवर फिरणारी तीच बोटं चिखलात भाताची लावणी करायची. मामांना कुणी अर्धवेळ कलाकार म्हटलं नाही. त्यांच्या पेटीवर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जागा नव्हती. ब्लूज त्याच जागेवर गातं. ती मला एकोणिसाव्या वर्षी गिटारच्या तारांवर स्लाइडची नळी घासताना सापडली, आणि तेव्हापासून मी या संगीताचा आहे.

जर्मनी का, हेही विचारलंस. १९६२ मध्ये इथल्या दोन आयोजकांनी अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल सुरू केला. मेम्फिस स्लिम, जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, विली डिक्सन हे अमेरिकेतले नावाजलेले ब्लूजवाले त्या पहिल्या दौऱ्यात होते. तेव्हा जे पोरसवदा होते, ते आणि त्यांची मुलं आज क्लबात पुढच्या खुर्च्यांवर बसतात. म्हणजे श्रोता आहे, पण साठीचा आहे. ब्लूजचे पियानोवादक चॅम्पियन जॅक ड्युप्री न्यू ऑर्लिन्सहून युरोपात आले, देश बदलत बदलत शेवटी हॅनोव्हरला स्थिरावले आणि १९९२ मध्ये इथेच वारले. पहिल्या हिवाळ्यात मला त्याचा फार आधार वाटला.

आता कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर येऊन पैसे घेऊन वाजवायचं, हे करू नको. ते अंगाशी येतं आणि पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. इथल्या निवास कायद्याच्या कलम २१ (५) मध्ये स्वतंत्र व्यावसायिकाला परवाना मिळतो, त्यात कलाकार बसतो. अर्ज तिथूनच, मुंबईच्या वकिलातीमार्फत. त्यात सगळ्यांत वजन असतं ते इथल्या लोकांच्या पत्रांना: अमुक क्लब तुला इतके कार्यक्रम देईल, तमुक जण तुझ्याकडे शिकतील, इतके युरो. तीन-चार अशी पत्रं, खर्चाचा आराखडा, आरोग्य विमा आणि तुझी रेकॉर्डिंग्ज. यात महिने जातात. इथे घर मिळालं की पत्ता नोंदवायचा, मग कर कार्यालयाचा नंबर घ्यायचा.

त्यानंतर केएसके. हे नाव पाठ कर. स्वतंत्र कलाकारांसाठीची ही सामाजिक विमा संस्था आहे, १९८३ पासून. आरोग्य विमा आणि पेन्शनच्या हप्त्याचा निम्मा भार तू उचलायचा, उरलेला सरकार आणि कलाकारांचं काम वापरणारे धंदे मिळून भरतात. त्यासाठी कलेतून वर्षाला ३,९०० युरोपेक्षा जास्त कमाई दाखवावी लागते, पण नवख्याला पहिली तीन वर्षं ती अट नाही. मी दीड वर्ष उशिरा अर्ज केला आणि तेवढा काळ खाजगी विम्याचे पूर्ण हप्ते भरत राहिलो. तू पहिल्या महिन्यात कर.

शिकवण्यांबद्दल एक सांगायला हवं. पूर्वी संगीतशाळा मानधनावर सहज शिक्षक घेत. २०२२ मध्ये इथल्या सामाजिक न्यायालयाचा एक निकाल आला, अशा एका शिक्षिकेला नोकरदार मानावं असा. तेव्हापासून शाळा मानधनावर घ्यायला बिचकतात. म्हणून घरगुती विद्यार्थी जमव. त्यासाठी जर्मन हवं. निदान बी१ या मधल्या पातळीपर्यंत शिकूनच विमानात बस.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे माझे एकोणीस कार्यक्रम एका आठवड्यात रद्द झाले. केंद्राची मदत जाहीर झाली, पण ती व्यवसायाच्या खर्चापुरती: दुकानाचं भाडं, गाडीचा हप्ता. माझा व्यवसायाचा खर्च म्हणजे गिटारच्या तारा. घरभाडं आणि जेवण त्यात धरत नव्हते. त्यातच एका महोत्सवाने ठरलेले पैसे बुडवले, कारण सगळं फोनवर ठरलेलं, लिहिलेलं काहीच नव्हतं. आता कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे, हे एका ओळीत लिहून घेतल्याशिवाय मी तारीख देत नाही. त्या उन्हाळ्यात मी इमारतींच्या अंगणात वाजवलं. लोक खिडक्यांत बसून ऐकायचे आणि बास्केट दोरीने खाली सोडायचे. एकदा बास्केटमध्ये पैशांबरोबर गरम सूपचा डबा आला, तेव्हा मला रडू आवरलं नाही. त्या दोन वर्षांत आई दर महिन्याला सांगायची, आपल्या बागेचे पैसे आलेत, पाठवू का. तीनदा मी हो म्हटलं.

म्हणून म्हणतो, कलमं विकू नको. मोहोर गळतो, अवकाळी पडतो, हापूसचा भरवसा नाही हे मला माहीत आहे. पण त्याचं आणि तुझ्या गाण्याचं वाईट वर्ष एकच असेल असं नाही. शिवाय हंगाम जुळतो. तुझी काढणी मे अखेर आटपते, इथले उघड्यावरचे महोत्सव जूनपासून सप्टेंबरपर्यंत भरात असतात. परवाना मिळाल्यावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलास तर तो रद्द होतो, पण मार्च ते मे गावी राहण्यात अडचण नाही. भावाशी तसंच बोल: वाटा तुझा, राखण त्याची, काढणीला तू हजर.

गिटारबद्दल. वेंगुर्ल्यात आपण तारांना गंज चढतो म्हणून रडतो. इथे उलटं होतं. पहिल्या जानेवारीत रात्री खोलीत ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी बघतो तर गिटारच्या पुढच्या फळीवर, तारा अडकवतात त्या पट्टीखाली, केसाएवढी चीर. हीटरने खोलीतली आर्द्रता २४ टक्क्यांवर गेली होती. बोटं फिरतात ती शिसवी पट्टी आक्रसून तिच्यावरच्या फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर आली होती आणि हात फिरवला की तळवा कापत होता. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज ठेव आणि ती डबी केसमध्ये. आर्द्रता ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिली पाहिजे, मोजायचं यंत्र पंधरा युरोला मिळतं. शिसवीला विमानतळावर अडवतील का, हे तू घाबरून विचारलंस. २०१७ मध्ये त्या लाकडावर कडक नियम आले होते खरे, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. बिनधास्त आण.

मला तुझी चार गाणी पाठव, त्यातलं एक तरी मालवणीत असू दे. हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइगच्या तीन ठिकाणांच्या मालकांना मी ती स्वतः ऐकवतो. पत्रांचे मसुदे तू जर्मनमध्ये कर, चुकले तरी चालतील, मी तपासून देतो.