वाचकांचे प्रश्न : रेम्ब्रांचा उंदीरवाला

प्रश्न : नौपाड्यातल्या जुन्या घराची आवराआवर करताना डच चित्रकार रेम्ब्रांचं एक छोटं चित्र फ्रेमसकट सापडलं. दारोदार उंदरांचं औषध विकणारा फेरीवाला, त्याच्या काठीवरच्या टोपलीला लटकलेले मेलेले उंदीर, आणि तोंड फिरवणारा घरमालक. खाली १६३२ आहे. हा मूळ छाप असेल का? कागदावरचे तपकिरी ठिपके कसे काढावेत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ठिपक्यांना आत्ता हात लावू नका. आधी भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली नक्कल. पुढची तपासणी नको. मूळ चित्र एचिंग या छपाईच्या पद्धतीचं आहे. त्यात तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा काढतात, आम्ल त्या खोल करतं, मग त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबतात. त्यामुळे रेघ सलग असते आणि बाजूने टॉर्च मारला की किंचित उठलेली दिसते.

मग पट्टी. मूळ पत्रा साधारण १४ बाय १२.५ सेंमीचा आहे. त्याची कड कागदात दबलेली असायला हवी. अर्थात, जुने संग्राहक समास कापून टाकत, म्हणून कड नाही एवढ्यावरून चित्र बाद करू नका. कागद उजेडासमोर धरा. समांतर बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोन-अडीच सेंमीवरच्या उभ्या रेषा दिसल्या तर आशा आहे. अगदी एकसारखा, गुळगुळीत कागद दिसला तर तो बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर या छापाचा मोठा फोटो मोफत मिळतो. तुमचं चित्र त्याच्या उलट, आरशातल्यासारखं असेल, तर कुणीतरी छाप समोर ठेवून नव्या पत्र्यावर कोरलेली ती नक्कल आहे. रेघा जुळूनही फिक्या, झिजलेल्या असतील तर छाप नंतरचा. रेम्ब्रां १६६९ साली गेले, पण त्यांच्या अनेक पत्र्यांवरून पुढच्या शतकातही छाप काढले गेले. असा छापही जपावा. त्या फेरीवाल्याबरोबरच्या मुलाची पेटी आणि घरमालकाचा झिडकारणारा हात इतक्या जवळून दाखवणारी चित्रं थोडीच.

आता ठिपके. खाडीकाठच्या दमट हवेत, आम्लयुक्त पुठ्ठ्यावर आणि काचेला चिकटून राहिलेल्या कागदावर ते हमखास येतात. ब्लीच, खोडरबर, सेलोटेप, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. फ्रेम पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवशी उघडा. ॲसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) लावून काच आणि कागद यांत अंतर ठेवा, आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. डाग काढण्याचं काम कागद-संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. नेताना गुंडाळी करू नका, दोन ताठ पुठ्ठ्यांत सपाट ठेवा.