सिंधुदुर्ग (चिपी) ते गोंदिया (बिरसी) विमानतळ: हवाई अंतर किती आणि उड्डाणास वेळ किती?

दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून सरळ हवाई अंतर सुमारे ९४० किलोमीटर, म्हणजे साधारण ५०८ सागरी मैल भरते. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, त्यामुळे चढण्या-उतरण्याचा वेळ धरून सव्वादोन तास, तर जेट विमानाला दीड तास पुरावा. पावसाळ्यात ढग टाळताना थोडा अधिक. मात्र हे गणित थेट उड्डाणाचे आहे. मुंबईमार्गे गेल्यास चिपी-मुंबई ३५० आणि मुंबई-गोंदिया ८२० असे मिळून ११७० किलोमीटर होतात, आणि खरा वेळ हवेत नव्हे, तर मुंबईत पुढच्या विमानाची वाट पाहण्यात जातो.