मुरबाडला आमच्या आठ गाई आहेत. डेअरीने दर पाडलाय, गाई विकाव्यात का?

लगेच विकू नका, दादा. दर पडतो तेव्हा बाजारात गाईलाही भाव नसतो.

दूध पावडर आणि बटरचे भाव उतरले की प्रक्रियावाले गाईच्या दुधाचा दर कापतात. ते आपल्या हातात नाही. पण जाहीर होणारा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असतो, त्याखाली गेलात की पॉइंटमागे कपात. बराच मार तिथे बसू शकतो, आणि डेअरीची पावती नीट कोणी वाचत नाही! दहा दिवसांच्या पावत्या समोर ठेवून बघा.

आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात कस नाही. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, 21 दिवस हवाबंद झाका. आधी पशुवैद्यकाला विचारा. सुटा युरिया गोठ्यात ठेवूच नका. पेंडीचा खर्च यातून थोडा वाचतो.

मी डोंबिवलीत राहतो. आमच्या सोसायटीत गावाकडचं दूध पिशवीपेक्षा चढ्या दराने घेणारी घरं आहेत. सगळं नाही, 15-20 लिटर कल्याण-डोंबिवलीत थेट घाला. अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी मात्र करून घ्या. पनीरच्या भानगडीत सध्या नको, किलोला सहा-सात लिटर दूध जातं.

गाईंना कानात ओळख क्रमांकाचा बिल्ला आहे ना? 2024 चं दुधाचं लिटरमागे 5 रुपयांचं सरकारी अनुदान बिल्ला नसलेल्यांना मिळालं नव्हतं.