पहिला दिवाळसण, तीन बहिणी आणि घरात येणारं सोयाबीन

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नांदेडला क्लासच्या ऑफिसात २२ हजार पगार, गावाकडं चार एकर सोयाबीन, पाठच्या तीन बहिणी. धाकटीचं लग्न मागच्या हिवाळ्यातलं. मे महिन्यात धोंड्याला जावयाला चांदीचं निरांजन आणि कपडे केले, त्याची सराफाकडची उधारी अजून फिटलेली नाही, आणि आता पहिला दिवाळसण तोंडावर आलाय. आई म्हणते अंगठी घातलीच पाहिजे, थोरल्या दोघींच्या साड्या तीन हजाराच्या खाली नकोत. वडील म्हणतात सोयाबीन विकून मोकळं होऊ. बायको काहीच बोलत नाही, आणि तुम्हाला रात्रीची झोप नाही.

मी घरातली थोरली सून, चार नणंदांची वहिनी, आणि माहेरी तीन भावांची बहीण. लातूरकडच्या एका गावात बचत गटाचं हिशेबाचं काम बघते. म्हणजे देणारीही आहे आणि घेणारीही, शिवाय दिवाळीनंतर कुणाचे हप्ते थकतात तेही डोळ्यांसमोर असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सोयाबीनचं, कारण दिवाळीचा मोठा खर्च तिथं होतो आणि तो कुणी आहेरात धरत नाही. मळणी झाली की ओलं सोयाबीन पोत्यात भरायचं, आडतीवर टाकायचं आणि पट्टी म्हणजे विक्रीची पावती घेऊन तसंच कापड दुकानात जायचं, हे आपल्याकडं घरोघर चालतं. २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि दिवाळीच्या गर्दीत बाजारात त्याच्या खूप खाली माल गेला. समजा तुमचं चार एकरात तीस क्विंटल निघालं आणि घाईमुळं क्विंटलमागं चारशे रुपये कमी मिळाले, तर बारा हजार तिथंच गेले. तेवढ्यात आईच्या मनातल्या दोन्ही साड्या येऊन वर सहा हजार उरले असते. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळं दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला. सोयाबीन त्याच्या बरंच आधी हाती येईल. चांगली उन्हं देऊन ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. हमीभाव केंद्राची नोंदणी वेळेत करा, त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, ई-पीक पाहणी झाली नसेल तर आजच बघा. केंद्राचे पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत येतील असं धरून चालू नका. घरात अगदीच नड असेल तर चार-पाच क्विंटल विका, सगळं नको. वडिलांना हे पट्टीवरचे आकडे मांडून दाखवा. शेतकरी माणसाला भावातला फरक लगेच कळतो.

आता अंगठी. २०२५ च्या दिवाळीतच सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढं होतं. दोन ग्रॅमची अंगठी म्हटलं तरी त्या भावानं पंचवीस हजार, वर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी. तुमच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. दादा, धोंड्याला चांदी दिली म्हणजे या वर्षातलं जावयाचं मोठं देणं झालेलं आहे. दिवाळसणाला अभ्यंगस्नान, उटणं, ओवाळणं, नवे कपडे आणि पोटभर जेवण एवढं प्रेमानं केलं की सण पुरा होतो. पण हे परस्पर ठरवू नका. आधी धाकट्या बहिणीला फोन करा, तिच्याशी एकटीशी बोला. सासरी काय चालतं ते तिलाच माहीत. ती म्हणाली, ‘काही नको, हे स्वतःच नको म्हणतायत,’ तर आईचा अर्धा घोर तिच्याच तोंडून ऐकून जाईल. ती अडखळली, गप्प बसली, तर मात्र नीट विचारा. आपण हौसेनं दिलं तर ती भेट. तिकडून मागणी आली असेल तर तो सणाचा विषय राहत नाही. लग्नानंतर केलेली मागणीसुद्धा १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात बसते. अशा वेळी अंगठी घालून प्रश्न मिटत नाही, पुढच्या सणाला आकडा वाढतो. बहिणीच्या पाठीशी उभं राहण्याची वेळ ती असते.

थोरल्या दोघींच्या साड्यांकडं येते. आपल्याकडं कुठल्याही कापड दुकानात ‘देण्याघेण्याच्या साड्या’ वेगळ्या मांडलेल्या असतात, तुम्हालाही माहीत आहे. माझ्या सासूबाईंच्या लोखंडी पेटीत अशा साड्यांची चळत होती. प्रत्येकीच्या घडीत वहीच्या कागदाची चिठ्ठी, पेनानं लिहिलेली: उदगीरच्या मावशी, परळीचे पाहुणे, आत्याबाईची सून. जिची साडी तिलाच परत जाऊ नये म्हणून ही काळजी. पुठ्ठा तोच, टाचण्या त्याच, घडी कधी मोडलेलीच नाही. या घरातून त्या घरात फिरणाऱ्या त्या साड्यांपायी प्रत्येक घरानं कधी ना कधी उसने पैसे काढलेले. टोपी-टॉवेलाचं तेच. हे देणं कुणाच्याच अंगाला लागत नाही, आणि बंद करायचं तर पहिलं हे करावं.

आमच्याकडं ते असं बंद झालं. दसऱ्याच्या आधी सासूबाईंच्या समोरच मी चारही नणंदांना फोन लावला आणि सरळ विचारलं, यंदा तुम्हाला खरंच काय पाहिजे. तिसरी नणंद, घरात बारा माणसांचा स्वयंपाक करणारी, ती म्हणाली, ‘वहिनी, साडी नगं. दोन दिस मला कुणी उठवू नका, मी झोपणार हाय.’ सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून आमच्या घरी चौघींना ओवाळणी सारखीच, पाकिटात रोख. नणंद माहेरी आली की पहिले दोन दिवस चुलीपुढं जात नाही. जाताना शिदोरी मात्र भरभरून: फराळ, घरची तूरडाळ, हळद, तीळ. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या बहिणीला पाच किलो घरच्या डाळीचं काय मोल असतं ते तिला विचारा. निलंग्याकडच्या बोरसुरीच्या डाळीला आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती तर आपल्या दारची वस्तू आहे. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं त्याच दिवसांत उतरतात, एक टोपली घ्या, भाचे खूश होतात.

यात एक गोष्ट पक्की सांभाळा. कमी करायचं तर सगळ्यांचं एकाच वेळी आणि सगळ्यांना आधी सांगून. एकीला पाच हजार आणि दुसरीला दोन असं झालं, किंवा भाऊबिजेच्या ताटात अचानक पाकीट पातळ निघालं, तर ते मनाला लागतं आणि वर्षानुवर्षं बोललं जातं. रक्कम लहान असू दे, पण सारखी असू दे.

आईशी बोलताना ‘परवडत नाही’ असं म्हणू नका. त्या पिढीला तो घराण्याचा कमीपणा वाटतो. त्यांना विचारा, ‘आई, पोरींना काय आवडंल ते तूच त्यांना विचार.’ निर्णय त्यांच्या तोंडून निघाला की भावकीला उत्तर द्यायलाही त्याच पुढं होतात. हे बोलणं दिवाळीच्या आठवड्यात नको, खरेदी सुरू व्हायच्या आधी हवं. आणि बायको गप्प आहे त्याचंही बघा. तिच्या भावांनी तिला काय द्यायचं, तुमच्या बहिणींना काय जायचं, फराळाला किती राबायचं, सगळ्यात ती आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. आईशी बोलायच्या आधी तिच्याजवळ बसा.

कर्जाचं थोडक्यात. सणासाठी फायनान्सचं आठवड्याचं कर्ज काढू नका. गटात महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाचे २४ झाले, क्रेडिट कार्डाची थकबाकी त्याहून किती तरी वर जाते. दुकानात ‘शून्य व्याजाचा हप्ता’ म्हणतात, त्यावर रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. प्रोसेसिंग फी लागते किंवा रोखीची सूट जाते, कुठून तरी ते वसूल होतंच. सराफाची उधारी मात्र यंदाच्या कुठल्याही नव्या खरेदीआधी मिटवा, त्या पेढीवर परत जावंच लागतं.

पुढच्या वर्षासाठी सप्टेंबरच्या पगारापासून हजार रुपये बाजूला टाका. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, पाच वर्षांची असते, ती या कामाला नको. बँकेत बारा महिन्यांची काढा. वर्षाला बारा हजार आणि थोडं व्याज होतं, तेवढ्यातच सगळ्या ओवाळण्या बसवायच्या. धोंडा आता तीन वर्षांनीच येईल, त्यामुळं पुढची दिवाळी यंदापेक्षा हलकीच जाणार.

ऑफिसातल्या मिठाईच्या डब्याबद्दल शेवटी विचारलंय. सगळ्यांनी मिळून एकच मोठा डबा आणा आणि तिथंच खा, वीस जणांना वीस डबे देण्यात काही अर्थ नाही. धाकटीशी बोलणं झालं की ती काय म्हणाली ते इथं लिहा. तिच्या उत्तरावर पुढचं बघू.