"पॉलिटिकल घेऊन करणार काय?" – एका बापाचा आणि लेकीचा प्रश्न

जूनमध्ये निकाल लागले की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य फिरून फिरून येतं. "मॅडम, पोरगं राज्यशास्त्र घ्यायचं म्हणतंय, पुढं करणार काय?" ह्या वर्षी तर एकाच आठवड्यात चार घरांकडून हेच ऐकलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. ही गोष्ट गेल्या वर्षीची, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत. मुलीला आपण रेवा म्हणू.

रेवाचं बी.ए. राज्यशास्त्रात झालेलं, मार्क चांगले. तिला पुढं पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करायचा होता, त्यासाठी कोल्हापूर सोडावं लागणार होतं. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, दोन मशीन, एक कामगार आणि स्वतः. आई शांत, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. घरात दोन महिने बापलेकीचं धड बोलणं नव्हतं.

मी अशा वेळी मुलाला एकटं बसवून "तुझं ध्येय काय" असं कधी विचारत नाही. 17 वर्षं हे काम करतेय, आणि माझा अनुभव असा की करिअरचा प्रश्न म्हणून जो येतो तो बहुतेक वेळा त्या घराचा प्रश्न असतो. तो सोडवायचा तर सगळ्या घरालाच बसवावं लागतं. म्हणून तिघांनाही बोलावलं.

वडील पहिल्याच दिवशी म्हणाले, "इंजिनिअर, नर्स, मास्तर, कायबी सांगू दे, मी मशीन विकीन. पण ही म्हणते धोरण शिकणार. धोरण शिकून कुणी पगार देतं व्हय?"

रेवा लगेच म्हणाली, "मी यूपीएससी पण करणार आहे ना पप्पा."

हे म्हणताना ती खाली गालिच्याकडं बघत होती. मी नोंद केली पण तेव्हा काही बोलले नाही. तीन-चार भेटीत हे वाक्य दर वेळी आलं, आणि दर वेळी बाप गप्प झाला की तिचा आवाज आणखी बारीक व्हायचा. शेवटी एकदा ती एकटी आली होती तेव्हा विचारलं, "तुला यूपीएससी करायचीय?" बराच वेळ गेला. मग म्हणाली, "नाही मॅडम. पण ते म्हटलं की घरात कुणी काही विचारत नाही."

इथं मला गाठ सापडली. पोरगी यूपीएससीच्या आड लपली होती, आणि बापाला ते कळत होतं, फक्त ती काय लपवतेय ते कळत नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी ते वाक्य सोडून दे, आणि पप्पांना तुझ्या विषयातली एक गोष्ट सांग, एकच, पण तुमच्या घरातली.

पुढच्या भेटीत ती एक वही घेऊन आली. ह्यांचं मूळ गाव प्रयाग चिखली. 1989 च्या पुरानंतर चिखलीकरांना पुनर्वसनासाठी सोनतळीला प्लॉट मिळाले, तरी आजही कितीतरी लोक नदीकाठीच राहतात. 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43, तेव्हा रेवाच्या आजीला बोटीतून काढलं. 2021 ला परत तेच. रेवानं आजीला, चुलत्यांना, शेजारच्या आठ घरांना विचारून लिहून काढलं होतं की तुम्ही का नाही गेलात. कुणी म्हणालं गोठा तिथं मावत नाही, कुणी म्हणालं रान लांब पडतं, कुणाचा प्लॉट एक आणि वाटणीनं घरं झाली चार.

ती म्हणाली, "पप्पा, सगळे म्हणतात चिखलीची माणसं हट्टी आहेत. पण कागदावर निर्णय बरोबर होता, मग तो जमिनीवर का उतरला नाही, हे शोधायचं म्हणजे पब्लिक पॉलिसी."

वडिलांनी वही हातात घेतली. त्यांच्या अंगठ्याच्या नखात कायमचं काळं ऑईल बसलेलं, तोच अंगठा ते ओळींखालनं फिरवत होते. दोन पानं वाचली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हणजे ड्रॉइंग बरोबर, पण पीस रिजेक्ट. मग बघायचं की मटेरियल चुकलं, मशीन चुकलं का माप घेणाराच चुकला."

रेवा नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हो. हेच."

आई तिथंच रडायला लागली. मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं हेच सगळ्यात मोठं काम असतं आणि ते मला आता जमतं. नंतर वडील हळूच बोलले, "मला पावण्यात सांगायला शब्दच नव्हता मॅडम, पोरगी काय शिकालीया म्हणून." मला वाटतं बहुतेक घरांत विरोध विषयाला नसतोच, त्या विषयाला घरात नावच नसतं.

आता ज्या पालकांचा हाच प्रश्न आहे त्यांना सरळ सांगते. धोरण हा विषय कोल्हापूरला परका नाही. शाहू महाराजांनी 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखीव केल्या पण तेवढ्यावर थांबले नाहीत, मुलांच्या राहण्याची सोय म्हणून बोर्डिंगं उभी केली, कारण शहरात राहायला जागा नसेल तर खेड्यातलं पोर शिकणार कसं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ठरवणं आणि उतरवणं, दोन्ही.

आणि पोरांनो, नुसतं राज्यशास्त्राचं पुस्तक पाठ करून ह्यात भागत नाही. स्टॅटिस्टिक्स आणि थोडं अर्थशास्त्र शिका, एक्सेल हाताखाली असू दे, शासनाचे जीआर म्हणजे शासन निर्णय मराठीत असतात ते वाचायची सवय लावा, गावच्या ग्रामसभेला जाऊन मागच्या रांगेत बसा. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये, अझीम प्रेमजी विद्यापीठात ह्याचं शिक्षण आहे, खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे, राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. नियम आणि फी बदलत असतात तेव्हा स्वतः बघा, आणि फीचा आकडा घरात लपवू नका. पगार इंजिनिअरसारखा लगेच नाही मिळणार, हेही आईवडिलांना आधीच सांगा. स्पर्धा परीक्षा खरंच द्यायची असेल तर द्या, पण घरच्यांना गप्प करायला तिचं नाव घेऊ नका, ते ओझं वर्षानुवर्षं उतरत नाही.

रेवाच्या घरानं दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडला. कर्ज किती, वर्कशॉपमधनं किती, नाहीच जमलं तर शिवाजी विद्यापीठात एम.ए. हे तिनंच लिहिलं. मशीन विकायची वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये ती बाहेरगावी गेली.

दिवाळीच्या सुमारास वडिलांचा फोन आला. "मॅडम, आईच्या ट्रंकेत सोनतळीच्या प्लॉटचा जुना कागद गावला. चारी बाजूनं फोटो काढून पोरीला धाडलाय, तिला लागंल."